शब्दाला किती यापेक्षा तासाला किती

वाशीम जिल्ह्यातले एक तरुण लेखक घरून ऑनलाइन लेखन करतात. एका एजन्सीकडून त्यांना शब्दाला ४० पैसे दराने मराठी लेख मिळतात. हजार शब्दांच्या एका लेखाला सगळं धरून पाच तास लागतात, दिवसाला दोन लेख होतात. विषय रोज वेगळा: आज आरोग्य विमा, उद्या केसगळती, परवा मोबाइलचा कॅमेरा. घरी सोयाबीन आणि तुरीची शेती आहे. त्यांनी विचारलंय, "ताई, वेग वाढवायचा आहे. टायपिंगची ४० ची परीक्षा देऊ, एआयचं पैसे भरून मिळणारं टूल घेऊ, की सरळ रोजचा तिसरा लेख घेऊ?"

तिसरा लेख घेऊ नका. हे आधी सांगते, कारण बाकीच्या गोष्टी सावकाश जमतील, पण दिवसाचे पंधरा तास खुर्चीत काढायची एकदा सवय लागली की डोकं वर काढून दुसरं काही शोधायला वेळच उरत नाही. हिशोब बघा. हजार शब्दांचे ४०० रुपये, लागतात पाच तास, म्हणजे तासाला ८० रुपये. तिसरा लेख घेतलात तरी तासाचे ८० च राहतात. थकलेल्या डोक्याने त्याच लेखाला सहा तास लागले तर ते ६७ वर येतात. महिन्याचा आकडा वाढलेला दिसेल, पण तो तुमच्या झोपेतून आलेला असेल.

मी बरीच वर्षं शेती, पाणी आणि बचत-विमा या विषयांवर मराठीत लिहिते, अधूनमधून अनुवादही करते. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी कळकळीने एकच सांगते: दर शब्दाचा ठरला तरी कमाई तासावर मोजा. तासाची मोजणी सुरू केली की कुठलं काम धरायचं, कुठलं सोडायचं आणि घाई नेमकी कुठे करायची हे आपोआप दिसायला लागतं.

आता टायपिंगचं. परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा ३० आणि ४० शब्दांची असते हे तुम्हाला माहीत आहेच. मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने हजार शब्द टंकायला ३३ मिनिटं लागतात, ४० च्या वेगाने २५. पाच तासांच्या कामात वाचली आठ मिनिटं. परीक्षा नोकरीसाठी द्यायची असेल तर जरूर द्या, पण लेखनाची कमाई वाढवायला तिचा उपयोग नगण्य आहे. पाच तासांपैकी साडेचार तास बोटं चालतच नसतात. ते कुठे जातात, हे शोधायचं आहे.

तुम्ही वेळेची फोड दिलेली नाही. अनोळखी विषयावरच्या लेखाची माझ्या पाहण्यात साधारण अशी होते: एजन्सीशी निरोपानिरोपी अर्धा तास, माहिती शोधणं दोन तास, लिहिणं सव्वा तास, तपासणं अर्धा तास आणि परत आलेल्या दुरुस्त्या पाऊण तास. तुमची वेगळी असेल. एक आठवडा वहीत लिहून काढा. प्रत्येक लेखासमोर पाच रकाने आणि त्यात मिनिटं. मोबाइलमधलं घड्याळ पुरे, त्यासाठी ॲप लागत नाही. बहुतेकांच्या वहीत सगळ्यात मोठा आकडा शोधाच्या रकान्यात निघतो. तुमच्याही निघेल, कारण तुम्ही रोज नव्या गावात उतरून रोज नवा पत्ता विचारताय.

म्हणून पहिला बदल विषयाचा. तुमच्या घरी सोयाबीन आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही, घरचं बियाणं असेल तर आधी उगवण तपासायची, शंभर दाण्यांपैकी सत्तर उगवले तर हेक्टरी ७५ किलो बियाणं, त्याहून कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं. हे तुम्ही न शोधता लिहू शकता. केसगळतीवर लिहिणाऱ्याला प्रत्येक वाक्य कुठून तरी आणावं लागतं. तुम्हाला पिवळा मोझॅक हा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो हे माहीत आहे, चक्रीभुंग्याने पोखरलेली फांदी कशी दिसते हे तुम्ही बांधावर पाहिलंय. एजन्सी तुम्हाला जे विषय देते, त्यात तुमचं हे सगळं ज्ञान फुकट पडून राहतं. त्यातले पैसे तुम्ही सोडून देताय, असं मला मनापासून वाटतं.

फक्त शेतीच लिहा असं नाही. दोन विषय धरा, जास्तीत जास्त तीन, आणि ते एकमेकांचे शेजारी असू द्या: सोयाबीन-तूर, पाणी व्यवस्थापन आणि शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी योजना, असं काहीतरी. मग आज केलेला शोध पुढच्या महिन्यात परत कामाला येतो. तो यावा म्हणून त्याची नीट वही हवी. माझ्याकडे प्रत्येक पिकाची एक फाइल आहे आणि तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात सहसा न बदलणाऱ्या गोष्टी: लागवडीचं अंतर, रोगाची लक्षणं, वाणांची नावं आणि ती कुणी काढली. सोयाबीनचा फुले संगम म्हणजे केडीएस ७२६ हा वाण राहुरीच्या विद्यापीठाचा, सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्रातून आलेला. एमएयूएस ६१२ परभणीचा. पीडीकेव्ही अंबा तुमच्या अकोल्याचा. दुसऱ्या भागात दर वर्षी बदलणाऱ्या गोष्टी, आणि तिथे प्रत्येक ओळीला तारीख आणि ती कुठून घेतली ते. सोयाबीनचा हमीभाव २०२३-२४ ला ४,६०० रुपये होता, २०२४-२५ ला ४,८९२ झाला आणि २०२५-२६ ला ५,३२८. तारखेशिवाय टिपलेला हमीभाव पुढच्या वर्षी घात करतो. ओलाव्याचंही तसंच. खरेदी केंद्रावर मर्यादा १२ टक्क्यांची, पण २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत नेली. "१५ टक्के चालतो" एवढंच टिपून ठेवलं आणि दुसऱ्या वर्षी तसंच छापलं, तर एखादा शेतकरी ओला माल घेऊन केंद्रावर जाईल आणि गाडीभाडं भरून परत येईल.

माहिती कुठून घ्यायची हेही एकदाच ठरवून टाका. गुगलवर शोधून पहिले दहा लेख वाचायचे ही सगळ्यात महाग पद्धत आहे, कारण ते दहाही लेख एकमेकांवरून लिहिलेले असतात. वाचण्यात तासभर जातो आणि खात्री काही होत नाही. योजनेवर लिहायचं असेल तर राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून मूळ शासन निर्णय उतरवून घ्या. भाषा जड असते, पण चार-पाच निर्णय वाचले की कुठली माहिती कुठे असते ते कळतं. पात्रता, कागदपत्रं आणि रक्कम या तीन गोष्टी पंधरा मिनिटांत हाती येतात. केंद्राच्या घोषणांसाठी पत्र सूचना कार्यालयाची मराठी पत्रकं आहेत. पिकांसाठी चार कृषी विद्यापीठांच्या शिफारशी आणि तुमच्या जिल्ह्याचं करडा इथलं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांशी ओळख करून घ्या. प्रश्न आधी लिहून काढा आणि एका फोनमध्ये पाच-सहा प्रश्न विचारा. त्यांचाही वेळ वाचतो, आणि चांगल्या प्रश्नांना ही माणसं फार आपुलकीने उत्तरं देतात.

एका ठिकाणी मात्र घाई करायची नाही: औषधाचं प्रमाण, तारखा आणि पैशांचे आकडे. कुठल्या पिकावर कुठलं कीटकनाशक वापरायचं हे त्याच्या लेबलवर केंद्रीय नोंदणी समितीने मंजूर केलेलं असतं आणि ते बदलतं. हे आकडे वहीतून घेऊ नका, दर वेळी नव्याने बघा. बाकी सगळीकडे वेळ वाचवायचा तो अशा वीस मिनिटांसाठीच.

दुसरी गळती कामाच्या सुरुवातीला असते आणि ती दिसते कामाच्या शेवटी. "सोयाबीनवर हजार शब्दांचा लेख पाठवा" एवढ्या निरोपावर लिहायला बसलात तर तो लेख दोनदा परत येणार हे धरून चला. कारण मागणाऱ्याच्या मनात काय आहे हे त्याने स्वतःशीही ठरवलेलं नसतं. तुमचा लेख वाचून त्याला ते कळतं. म्हणून आधी विचारा. वाचणारा कोण, पहिल्यांदा पेरणारा की वीस वर्षांचा अनुभवी? वाचून झाल्यावर त्याने काय करावं अशी तुमची इच्छा आहे? कंपनीच्या कुठल्या वाणाचं किंवा उत्पादनाचं नाव घ्यायचं, आणि त्याची माहिती कोण देणार? लेख मंजूर कोण करणार? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. मार्केटिंगवाला एक सांगतो, कृषितज्ज्ञ दुसरं सांगतो, आणि मालक तिसऱ्याच दिवशी वाचून सगळं बदलतो. "दुरुस्त्या एकाच माणसाकडून, एकत्र, एकाच फाइलमध्ये द्या" हे पहिल्याच निरोपात नम्रपणे लिहून टाका. दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत, तिसऱ्या फेरीपासून वेगळे पैसे, हेही तिथेच. लोक याला नाही म्हणत नाहीत. आधी सांगितलं तर तो नियम असतो, नंतर सांगितलं तर भांडण.

उत्तरं आली की लगेच लेख लिहू नका. सहा-सात ओळींचा आराखडा पाठवा आणि "असं चालेल ना?" विचारा. आराखड्यातली चूक दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात, लिहून झालेल्या लेखातली दुरुस्त करायला तास. एजन्सीचा समन्वयक कधीकधी आराखडा बघायचा कंटाळा करतो. त्याला दोन-तीन वेळा चिकाटीने पाठवा. त्याचंही काम कमी होतंय हे त्याला लवकरच कळतं.

प्रत्यक्ष लिहिण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. शोधणं, लिहिणं आणि तपासणं एकाच बैठकीत मिसळू नका. लिहिताना मध्येच एखादा आकडा आठवला नाही तर तिथे फुली मारा आणि पुढे जा. आकड्यासाठी ब्राउझर उघडलात की वीस मिनिटं गेलीच. दोन-तीन लेखांचा शोध एका सकाळी, लेखन दुपारी, आणि तपासणं दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी. गुगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टंकता येतं. विरामचिन्हं हाताने घालावी लागतात, पण शेतीच्या लेखाचा पहिला खर्डा बोलून केला तर तो खरोखर शेतकऱ्याशी बोलल्यासारखा होतो. शेजारच्या काकांना समजावून सांगताय असं समजून बोला. अख्खा लेख असा होत नाही, पण मधला समजावून सांगायचा भाग झरझर होतो.

वारंवार लागणारे लांब शब्द छोट्या खुणांना बांधून ठेवा. वर्डमध्ये ऑटोकरेक्ट आहे, मोबाइलच्या कीबोर्डमध्ये वैयक्तिक शब्दकोश आहे. "कृविके" लिहिलं की "कृषी विज्ञान केंद्र" उमटतं. तपासणीसाठी आपल्या नेहमीच्या चुकांची एक यादी करा आणि लेख संपला की शोधा-बदला चालवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की "शेतकऱ्यांना"मधला ऱ्य हमखास बिघडतो आणि "शेतकर्यांना" असं काहीतरी उरतं. ग्राहकाने जुनी पत्रकं संदर्भासाठी दिली असतील आणि त्यातला मजकूर घ्यायचा असेल, तर हे पहिल्यांदा बघा. शुद्धलेखन स्वच्छ असलेला मजकूर दुरुस्तीला कमी वेळा परत येतो, हा माझा पक्का अनुभव आहे. वाचणाऱ्याचा एकदा विश्वास बसला की तो बाकीच्या वाक्यांवरही शंका घेत नाही.

एआयच्या टूलबद्दल तुम्ही विचारलंत. पैसे भरून घेण्याआधी फुकट मिळणारं दोन महिने वापरून बघा, आणि नेमकं कशाला वापरायचं ते ठरवा. लांबलचक शासन निर्णयातले मुद्दे काढायला, मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणाचा मजकूर करायला, मथळ्याचे दहा पर्याय सुचवायला ते चांगलं आहे. लेख लिहून घ्यायला नाही. एक तर माहिती जुनी असू शकते. महाराष्ट्रात खरीप २०२३ पासून एक रुपया भरून पीक विमा काढता येत होता. खरीप २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता खरीप पिकांना शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत असतो. पण एक रुपयाच्या विम्यावरचे असंख्य लेख इंटरनेटवर अजून तसेच आहेत, आणि त्यांच्यावर पोसलेलं यंत्र तेच ठामपणे सांगू शकतं. दुसरं म्हणजे भाषा. "आपल्या पिकाची योग्य काळजी घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे" असली वाक्यं ते पानभर देतं. त्यात शेतातले शब्द नसतात: डवरणी नसते, सोंगणी नसते, तिफण नसते. असा खर्डा दुरुस्त करायला मला नव्याने लिहिण्याइतकाच वेळ लागतो, आणि हाती येणारा मजकूर तरीही फिकाच राहतो. शब्दाला ४० पैसे देणारा ग्राहक उद्या हेच यंत्र वापरून तुमच्याशिवाय काम भागवेल. ज्याला विदर्भातल्या शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलायचंय, तो भागवू शकणार नाही. तुम्हाला त्या दुसऱ्या ग्राहकाकडे जायचंय.

यंत्राने केलेल्या अनुवादाच्या दुरुस्तीचं काम समोर आलं तरी हाच तासाचा नियम लावा. त्याचा दर पूर्ण अनुवादापेक्षा कमी असतो आणि "नुसतं वाचून नीट करायचंय" असं सांगितलं जातं. होकार देण्याआधी तीनशे शब्दांचा तुकडा मागून घड्याळ लावून करून बघा. अनुवादासाठी ओमेगाटीसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे. आधी केलेली वाक्यं ते लक्षात ठेवतं आणि तीच परत आली की समोर आणून ठेवतं. ॲपच्या किंवा यंत्राच्या माहितीपुस्तिकेच्या कामात यामुळे खूप वेळ वाचतो. मात्र मोठ्या एजन्सी अशा परत येणाऱ्या वाक्यांचे पैसे कमी देतात, म्हणून किती शब्द कुठल्या दराने मोजणार याचा तक्ता आधी मागून घ्या.

आता सगळ्यात जास्त फरक ज्याने पडतो त्याकडे येते. एक शोध एकदाच विकू नका. समजा एका बियाणं कंपनीला पेरणीआधी मजकूर हवा आहे. त्यांनी मागितला एक लेख. तुम्ही त्याच शोधातून चार गोष्टी देऊ शकता: संकेतस्थळासाठी हजार शब्दांचा लेख, विक्रेत्यांनी वाटायचं एका पानाचं पत्रक, व्हॉट्सॲपवर पाठवायचे दहा छोटे निरोप आणि दोन मिनिटांच्या व्हिडिओची संहिता. शोध तीन तास, लेख दोन तास, बाकी तिन्ही मिळून तीन तास. आठ तासांचं काम झालं. याचे एकत्र ४,००० रुपये सांगितलेत तर तासाला ५०० पडतात. शब्दांच्या हिशोबाने हेच काम केलंत तर? दोन मिनिटांच्या संहितेत जेमतेम अडीचशे शब्द. ४० पैशांनी त्याचे १०० रुपये होतात, आणि तीच लिहायला सगळ्यात अवघड असते, कारण तिथे एकही शब्द वाया घालवता येत नाही. छोटा मजकूर शब्दावर कधीच विकू नका. पत्रक, संहिता, पाकिटावरची माहिती, संदेश यांचा दर नगावर किंवा एकत्र कामावर सांगा.

वाक्यं मात्र ज्याला विकली त्याचीच. एका कंपनीला दिलेला परिच्छेद दुसरीला देऊ नका. पेरणीची खोली आणि उगवणीची चाचणी ही माहिती सगळ्यांची आहे, ती पुन्हा नव्याने लिहा. शोध झालेला असल्यामुळे ते अर्ध्या वेळात होतं.

असे ग्राहक कुठे असतात? बियाणं, ठिबक, खतं आणि शेती अवजारांच्या मध्यम आकाराच्या कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था, ग्रामीण ग्राहक असलेल्या बँका आणि पतसंस्था. यांच्याकडे इंग्रजी मजकूर लिहिणारे असतात. मराठीत नीट लिहिणारा आणि शेत माहीत असणारा माणूस त्यांना सहज सापडत नाही. ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या फायव्हरसारख्या मंचांवर खातं ठेवायला हरकत नाही, पण फायव्हर काम करणाऱ्याच्या कमाईतून २० टक्के कापतं, म्हणजे हजाराच्या कामाचे तुम्हाला आठशे. दर सांगताना हे धरून सांगा.

पैशांच्या वसुलीतही तास जातात, आणि ते कुणी मोजत नाही. चार वेळा आठवण करून द्यावी लागलेलं बिल म्हणजे त्या कामाचा दर कमी झालेला असतो. काम पोचवलं त्याच दिवशी बिल पाठवा. नवा ग्राहक असेल तर निम्मी रक्कम आगाऊ. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, आजच करून ठेवा. आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर मोफत होते, मध्ये कुणाला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून असं थकवलेलं बिल कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, ते प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येतं. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक दिसला की कंपनीचा लेखापाल स्वतःहून लक्ष घालतो. नोंदणी काम घेण्याआधीची असावी, म्हणून घाई करा म्हणते.

वर्षभरात एखाद्या कंपनीकडून ५० हजारांच्या वर व्यावसायिक फी आली तर ती साधारणपणे १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतला जाणारा आयकर, कापते. ते पैसे गेले असं समजू नका. आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनसमोर ते जमा दिसतात आणि विवरणपत्र भरलं की हिशोबात धरले जातात. कर लागत नसेल तर परत मिळतात. विवरणपत्र न भरणारे कितीतरी लेखक ही रक्कम तशीच सोडून देतात. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर लागते, तोवर ती डोकेदुखी मागे लावून घेऊ नका.

सुरुवात कशी करायची ते सांगते. एजन्सी लगेच सोडू नका, महिन्याचं घर त्यावर चालतंय. समन्वयकाला सांगा की शेती आणि योजनांचे लेख आले तर मलाच द्या, बाकीचे कमी द्या. तुम्ही ते लवकर आणि स्वच्छ देताय हे दिसलं की तो देईल. शोध कमी झाल्याने आज पाच तासांचा लेख अडीच-तीन तासांवर आला, तर दिवसाचे चार तास सुटतात. त्या चार तासांत एजन्सीचे शब्द भरू नका. पहिल्या पंधरवड्यात त्यात दोन नमुने तयार करा: घरच्या घरी बियाण्याची उगवण कशी तपासायची यावर एका पानाचं पत्रक आणि त्याच विषयावर दोन मिनिटांची संहिता.

मग दहा कंपन्यांची यादी करा आणि प्रत्येकीला वेगळं पत्र लिहा. छोटं असू द्या. "नमस्कार. मी वाशीम जिल्ह्यात राहतो, घरी सोयाबीन-तूर आहे, आणि शेतीविषयी मराठीत लिहितो. तुमच्या अमुक वाणाचं मराठी पत्रक वाचलं. त्यात बीजप्रक्रियेचा क्रम शेतकऱ्याला नीट कळत नाही असं वाटलं, म्हणून तो भाग कसा लिहिता येईल याचा नमुना जोडला आहे. खरिपासाठी लेख, पत्रक, संदेश आणि संहिता असं एकत्र काम मी करून देऊ शकतो." इतकंच. त्यांच्या पत्रकातलं नेमकं ठिकाण दाखवणारं पत्र वाचलं जातं. "मी उत्कृष्ट लेखन करतो" असं लिहिलेलं वाचलं जात नाही.

हे पत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये जायला हवं. खरिपाचा मजकूर एप्रिलमध्ये छपाईला जातो. जूनमध्ये पत्र पाठवलंत तर त्यांच्याकडे काम संपलेलं असतं. रब्बीसाठी ऑगस्ट. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा. दर विचारला तर आधी त्यांना काय काय हवंय ते विचारून घ्या, तास मोजा आणि दुसऱ्या दिवशी एकत्र रक्कम कळवा. फोनवर घाईने सांगितलेला आकडा नेहमी कमीच निघतो. आणि एजन्सीचं काम निम्म्यावर आणायचं ते दोन थेट ग्राहकांची पहिली बिलं खात्यात जमा झाल्यावरच.